गारव्याचं स्वराज्य

भोपाळात पारा 44 अंशांवर गेला की अरेरा कॉलनीतल्या मराठी गृहस्थाच्या अंगात कारागीर संचारतो. स्प्लिट एसी स्वतःच बसवण्याचा हा संकल्प सर्वथा अभिनंदनीय आहे. मेकॅनिकला पैसे का मोजावेत? तांब्याच्या नळीतली हवा आणि ओल काढायला तो व्हॅक्यूम पंप लावतो आणि स्वतः निवांत बसून राहतो. गृहस्थ एका फुंकरीत काम उरकतो. फ्लेअर नट किती आवळायचा याला टॉर्क पाना लागतो म्हणे. आपल्याकडे दातओठ आहेत. आर-32 वायूला जवळजवळ वास नसतो, तरी गळती शोधायला नाक पुरतं. तो पेट घेऊ शकतो, पण असल्या बाबी माहितीपुस्तिकेत असतात आणि माहितीपुस्तिका रद्दीत.

याच न्यायाने पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीची लिफ्ट आणि आजोबांचा मोतीबिंदूही घरीच उरकावा. पाने तेच, व्हिडिओही मुबलक.

एसी तूर्त उत्तम चालू आहे. 2020 पासूनच्या सरकारी नियमाप्रमाणे रिमोटवर आपोआप 24 उमटतात; खोलीत 40 आहेत. काल मेकॅनिक येऊन गेला. बसवण्याचे पैसे त्याने नेहमीचेच सांगितले, आधीचं उकलण्याचे दुप्पट.

रहिवाशांना नम्र विनंती : बाहेरच्या युनिटखाली वाहनं लावू नयेत.