प्रिंटर रुसला असता

घरचा प्रिंटर नेहमी रात्री साडेनऊला बिघडतो. त्यामागं शास्त्र वगैरे काही नाही. प्रोजेक्ट उद्याच द्यायचंय ही बातमी चिरंजीव नऊ पंचविसाला फोडतात, एवढंच. रिक्षा करून आयआयटी मार्केट गाठावं, तर झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढून हिशेबाला बसलेला. तेव्हा ज्यांचा प्रिंटर वाय-फाय सोडून बसलाय आणि ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. लिहिणारीलाही परवापर्यंत कळत नव्हतं.

पहिली सूचना, जी आजवर कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही: ‘प्रिंट’ पुन्हा दाबू नका. स्क्रीनवर ‘ऑफलाईन’ लिहिलंय ना, मग तो ऑफलाईनच आहे. आमच्याकडे मी तीनदा दाबलं, नवऱ्यानं ‘सरक, बघू’ म्हणत तीनदा, आणि चिरंजिवांनी पाचदा. प्रोजेक्ट पवई तलावावर होतं. मजकूर हातानं लिहून झाला होता. राहिलं होतं ते पानभर मगरीचं चित्र. तलावात मगरी खरोखरच आहेत, त्यामुळे बाईंनी चित्र सक्तीचं केलेलं.

आता दिव्यांकडे बघा. बहुतेक प्रिंटरांवर वाय-फायचा बारका निळा दिवा असतो. स्थिर असेल तर जोडणी आहे, लुकलुकत असेल तर शोधाशोध चालू आहे. लुकलुकत असेल तर घरच्यांना एकच विचारा: मधे लाईट गेली होती का? लाईट आली की प्रिंटर अर्ध्या मिनिटात डोळे उघडतो, राउटरला मात्र चांगली दोनेक मिनिटं लागतात. प्रिंटर उठून बघतो तर घरात कोणी नाही, हाका मारतो, आणि काही प्रिंटर पुन्हा हाक मारायची तसदीच घेत नाहीत. उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. सगळं बंद करा. आधी राउटर चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत चहा टाका. मग प्रिंटर, शेवटी लॅपटॉप. बऱ्याच घरांत गाडी इथेच रुळावर येते. आली असेल तर पुढचं वाचू नका, झोपा.

आमची आली नाही. कारण चार दिवसांपूर्वी नेटवाला येऊन नवा डबा बसवून गेला होता. ‘मॅडम, आता स्पीड बघा,’ म्हणाला. मोबाईल जोडून दिले, टीव्ही जोडून दिला. प्रिंटरचं त्याला कोणी सांगितलं नाही. मलाही आठवला नाही, कारण प्रिंटर आठवतो तो प्रोजेक्टच्या आदल्या रात्री. थोडक्यात, प्रिंटर कुठेही गेला नव्हता. आम्हीच बिऱ्हाड बदललं आणि तो बिचारा जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसला.

इथे एक युक्ती आहे आणि ती सोन्यासारखी आहे. नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर, लहान-मोठी लिपी सांभाळून. प्रिंटरला मालक बदलल्याचा सहसा पत्ताही लागत नाही. अट इतकीच की जुना पासवर्ड आठवला पाहिजे. आमचा जुन्या डब्याच्या पाठीवर चिकटवलेला होता, आणि तो डबा नेटवाला घेऊन गेला होता.

मग शेजारच्या काकांना बोलावलं. ते आयआयटीचे. पवईत दर दोन मजल्यांमागे एक तरी आयआयटीचा सापडतो. १९५८ साली स्थापन झालेली ती संस्था इथेच आहे, त्याला इलाज नाही. माझा अनुभवाचा सल्ला: प्रिंटरसाठी आयआयटीचा माणूस बोलावू नये. त्याला प्रिंट काढायची नसते, कारण शोधायचं असतं. पण काकांनी शोधलेलं कारण खरं निघालं, म्हणून सांगते.

वाय-फायच्या दोन वाटा असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली वेगवान, पण काँक्रीटची भिंत आडवी आली की लवकर दमते. अडीचच्या आतली सावकाश चालते, पण भिंती बऱ्या ओलांडते. घरगुती प्रिंटरांपैकी कितीतरी फक्त ही सावकाश वाटच ओळखतात. नवे राउटर दोन्ही वाटांना एकच नाव देतात, आणि त्या घोळात काही प्रिंटर गांगरतात. राउटरच्या ॲपमध्ये जाऊन दोघींना वेगळी नावं द्या, किंवा प्रिंटर जोडेपर्यंत पाचवाली बंद ठेवा.

काकांनी मग मोबाईलवर आसपासच्या वाय-फायची यादी उघडली. अख्खी सोसायटी त्यात हजर. कोणाच्या कुत्र्याचं नाव, कोणाच्या फ्लॅटचा नंबर, आणि एक ‘मागू नका’. आपल्याकडे २००५ पासून २.४ची वाट बिनपरवाना वापरता येते, त्यामुळे मायक्रोवेव्हपासून ब्लूटूथपर्यंत सगळे त्याच वाटेनं. तिच्यावर एकमेकांना धक्का न लावता चालतील असे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चाळीत तीन नळ आणि चाळीस बिऱ्हाडं, तसा प्रकार. राउटर ‘ऑटो’वर असेल तर ज्या नळाशी गर्दी कमी तिथे तुमची बादली लावा.

एवढं होईस्तोवर सव्वादहा. सासूबाई हॉलमध्ये आल्या, प्रिंटरकडे बघितलं आणि विचारलं, ‘ह्याला वायर नाही का?’

काका गप्प झाले. वायर होती. एका टोकाला चौकोनी तोंडाची, प्रिंटरसोबतच आलेली. ती खोक्यात होती, आणि खोकं गेल्या दिवाळीच्या साफसफाईत गेलं होतं. तुमचं अजून माळ्यावर असेल तर ही सगळी मार्गदर्शिका बाजूला ठेवून वायर लावा.

वायर नसलेल्यांसाठी पुढे. प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती देणारं पान काढता येतं. त्याला वाय-फाय लागत नाही, आणि ते झरझर छापून येताना बघून संताप होतो, तो गिळा. त्यावर आयपी ॲड्रेस शोधा. आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, प्रिंटरनं स्वतःच दारावर पाटी ठोकून घेतलीय. १९२.१६८ वगैरे असेल तर तो घरात आहे, पण लॅपटॉप त्याला जुन्या खोलीत शोधतोय. तेव्हा लॅपटॉपवरून प्रिंटर काढून टाका आणि नव्यानं जोडा. राउटरमध्ये तो पत्ता त्याच्या नावानं राखून ठेवलात तर पुढच्या वेळी हा तमाशा टळेल. लॅपटॉप ऑफिसचा असून व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा. व्हीपीएनवरचा लॅपटॉप देहानं घरी आणि मनानं ऑफिसात असतो, घरातला प्रिंटर त्याला बहुधा दिसत नाही.

आमच्या पानावर १६९ निघालं. शेवटचा इलाज डब्ल्यूपीएसचं बटण, राउटरवर असलं तर. प्रिंटरला सांगायचं, राउटरवरचं दाबायचं, आणि दोन मिनिटांच्या आत दोघांची गाठ पडायला हवी. राउटर हॉलमध्ये, प्रिंटर आतल्या खोलीत. नवरा इकडे, मी तिकडे, मधे चिरंजीव ‘आता! आता!’ ओरडत. लग्नात अंतरपाट धरल्यावरही एवढी घाई नव्हती.

मधल्या वेळात मी प्रोजेक्ट वाचलं. तलाव १८९१ चा. मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधला, पण पाणी पिण्यालायक निघालं नाही, म्हणून कारखान्यांना आणि बागांना दिलं गेलं. ज्या कामासाठी आणला ते सोडून बाकी सगळं करतो, पण कोपऱ्यात जागा अडवून बसलेला असतो. माझी नजर आपोआप प्रिंटरकडे गेली.

तेवढ्यात दिवा स्थिर झाला. काकांनी टाळी दिली. प्रिंटर घशातून घरघरला आणि पहिली मगर बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी. लॅपटॉपनं प्रत्येक दाबणं इमानदारीत रांगेत उभं करून ठेवलं होतं, ‘कॅन्सल’ काही जुमानत नव्हतं, आणि रांग उपसेपर्यंत प्रिंटर थांबायला तयार नव्हता. नवव्या मगरीला निळी शाई संपत आली. अकरावी पूर्ण नारिंगी निघाली.

चिरंजिवांनी सगळ्या फरशीवर ओळीनं मांडल्या, बराच वेळ बघितल्या आणि नारिंगी मगर वहीत चिकटवली.