पंचवीस वर्षांची हमी

इगतपुरीत सूर्य जूनमध्ये रजेवर जातो, तो दसऱ्याच्या आसपास कामावर रुजू होतो. तरी छपरावर सोलर बसवायचा उत्साह दांडगा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि पेन्शनरांनाही पंचवीस वर्षांचं नियोजन सुचू लागलं.

विक्रेता सांगतो, "काका, पंचवीस वर्षं बघायला नको." खोटं बोलत नाही तो. हमीपत्रात बहुधा तसंच असतं: पंचवीस वर्षांनीही मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास वीज. पण ही हमी पॅनेलची. त्याची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची हमी साधारण पाच ते दहा वर्षांची, आणि योजनेत विक्रेत्याची देखभाल पाच वर्षांची. सहाव्या वर्षी फोन कोण उचलतो, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग!

शिवाय आपला घाटमाथा. पॅनेलच्या खालच्या कडेला, चौकटीच्या खाचेत, गाळ बसतो. त्यावर हिरवंगार शेवाळ. ते खरवडायला निसरड्या पत्र्यावर चढायचं कोणी, हे हमीपत्रात नसतं. आणि तो पत्रा? गंजून तोच आधी जायचा. तो बदलायचा तर पॅनेल उतरवा, पुन्हा चढवा, मजुरी वेगळी.

तेव्हा सही करण्याआधी पॅनेलचं नव्हे, पत्र्याचं वय विचारा. आणि नव्या इन्व्हर्टरचे पैसे आजपासूनच बाजूला टाका.