समर्थांची लेखी परवानगी

गणपतीचं गाणं वैशाखात करावं लागतं. बाहेर आंब्याच्या पेट्या उतरत असतात, पंख्याची घरघर माईकमध्ये येते म्हणून पंखा बंद असतो, घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि आपण डोळे मिटून भाद्रपद आल्याच्या आनंदात गायचं असतं. ही तऱ्हा फक्त आपलीच आहे असं समजू नये. बिंग क्रॉस्बीचं ‘व्हाइट ख्रिसमस’, ज्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्याचं गिनेसवाले सांगतात, ते 1942 च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालं. ‘लेट इट स्नो’ 1945 च्या जुलैत, हॉलिवूडच्या उकाड्यात लिहिलं गेलं. मराया कॅरीनं ते डिसेंबरभर पिच्छा न सोडणारं गाणं 1994 च्या ऑगस्टमध्ये गायलं, तेव्हा स्टुडिओत म्हणे नाताळची सजावट केली होती. ते वाचून मीही वातावरणनिर्मितीसाठी मे महिन्यात माळ्यावरून मखर काढायला चढलो होतो. घरच्यांनी खाली उतरवलं.

पण नाताळवाल्यांचं एक बरं असतं. पंचवीस डिसेंबर हा पंचवीस डिसेंबरलाच येतो. आमची चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरवर गेली. गाणी प्रसिद्ध करायचा जगाचा वार 2015 पासून शुक्रवार ठरलेला आहे, आणि स्पॉटिफायच्या निवडकांच्या नजरेस गाणं घालायचं तर ते निदान सात दिवस आधी कळवावं लागतं. म्हणजे एका हातात दाते पंचांग आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन मुहूर्त काढायचा. त्यात गाण्याचं आयुष्य दीड, पाच, सात नाहीतर दहा दिवसांचं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीचं गाणं लावणाऱ्या घरात काहीतरी बिनसलंय असं शेजारी समजतात. आणि 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा की, वर्षभरात गाणं किमान 1000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा छदाम मिळत नाही. निदान तीस सेकंद ऐकलं तरच ते ‘ऐकलं’ धरतात. माझ्या गाण्याच्या सुरुवातीला शंख, घंटा आणि सनई मिळून जवळजवळ तेवढाच वेळ जातो. त्यामुळे माझा आवाज न ऐकताच मला पैसे मिळवून देणारे काही रसिक असणार. त्यांचे विशेष आभार.

मी स्वतंत्र संगीतकार आहे. म्हणजे मला कंपनी नाही, मॅनेजर नाही आणि स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं गोदरेजचं कपाट आणि त्याच्या दाराला लटकवलेल्या दुलया. चाली लावायच्या, पेटी वाजवायची, गायचं, आणि मग गाणं झालं की ते लोकांनी ऐकावं म्हणून दारोदार फिरायचं. पहिली कामं जमतात. शेवटचं मात्र गळ्याशी येतं. कारण आपल्याकडे स्वतःचं कौतुक स्वतः करणं हे संस्कारात बसत नाही. ‘एक छोटासा प्रयत्न’ असं वर लिहिल्याशिवाय मराठी माणसाला लिंक पाठवता येत नाही. ‘वेळ मिळाला तर ऐका, नाही ऐकलंत तरी चालेल’ अशी जाहिरात जगात आणखी कुणी करत असेल असं वाटत नाही.

याला जबाबदार समर्थ रामदास. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात त्यांनी मूर्खांची यादी दिली आहे आणि आपली स्तुती आपणच करणाऱ्याला त्यात बसवलंय. बरं, ‘आमचे आजोबा भास्करबुवांच्या मैफलीला पुढच्या रांगेत बसायचे’ हे तरी सांगावं, तर वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारासुद्धा त्याच ओवीत धरलेला. दोन्ही दारं बंद.

समर्थांशी माझा दुसरा संबंध फॉर्म भरताना आला. गाण्याच्या जोडीला मी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही त्यांची आरती नव्या वाद्यमेळात केली होती. गाणी जगभर पोचवणारी जी मंडळी असतात त्यांचा एक लांबलचक ऑनलाइन फॉर्म असतो. गीतकाराचं नाव पाहिजे. ‘समर्थ रामदास’ लिहिलं तर परत आलं: टोपणनाव चालत नाही, खरं नाव आणि आडनाव द्या. म्हणून मी ‘नारायण ठोसर’ असं भरलं. नारायण सूर्याजीपंत ठोसर, जन्म जांब, जिल्हा जालना, ही माहिती शाळेत पाठ केली होती ती अशी उपयोगी पडली. त्यावर विचारणा आली, श्री. ठोसर यांची लेखी परवानगी जोडली आहे का?

ते निस्तरलं आणि आरती एकदाची बाहेर पडली, तर तिच्यातला काही भाग आपल्या मालकीचा असल्याचा एका कंपनीचा दावा दुसऱ्याच दिवशी हजर. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. समर्थ गेले सतराव्या शतकात. आज हा कायदा मागे नेऊन लावला, तरी आरतीवरचा हक्क नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतच संपला असता. मी हे सगळं उत्तराच्या चौकटीत नीट लिहिलं. पलीकडे माणूस नव्हता, यंत्र होतं, आणि यंत्राला पेशवाई ठाऊक नसते. दावा उठेपर्यंत गौरी जेवून गेल्या होत्या.

आता प्रसिद्धीचं. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे माझ्या गाण्याची पहिली जाहिरात ‘कृपया माझा नंबर सेव्ह करा’ ही असते. विम्याच्या एजंटाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळतं. साडेचार मिनिटांचं गाणं पाठवल्यावर दीड मिनिटात ‘अप्रतिम! अंगावर काटा आला!’ असं उत्तर येतं. काटा शंखाचा असणार. एका मावशींनी ते गाणं न उघडताच तीन ग्रुपवर पाठवलं आणि ‘तुझं काम केलं हो’ असं कळवलं. मंडळाचे कार्यकर्ते तर फार मोकळ्या मनाचे. “दादा, तुमचंच लावू ना! फक्त डीजेवर बसेल असं करून द्या.” आणि मांडवात गेलं की लागलेलं असतं प्रल्हाद शिंद्यांचं ‘तूच सुखकर्ता’. शिंदे 2004 साली गेले. त्यांना नंबर सेव्ह करा म्हणावं लागत नाही. त्यांच्याशी स्पर्धा करायची माझी टाप नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. मांडवात तो आवाज लागला की मीही उभा राहून ऐकतोच.

अशा कात्रीत असताना हलगीनं मला वाट दाखवली.

आमचे हलगीवाले साताऱ्याकडचे. वैशाखात लग्नसराई, म्हणून त्यांच्या तारखा मिळाल्या थेट आषाढात. आषाढात पुण्याची हवा अशी की, पापड तळल्यावर ताटात येईतो मऊ पडतो, मग हलगीचं कातडं काय ताठ राहणार? वाजवलं की भद्द आवाज. हल्ली फायबरच्या हलग्या मिळतात, त्यांना हवेची पर्वा नसते, पण त्यांच्यात तो कडकडाट नाही, आणि आमचे हलगीवाले त्यांना वाद्यच मानत नाहीत. गावाकडे जाळ करून हलगी शेकतात. फ्लॅटमध्ये जाळ कुठला? ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“वहिनी, गॅस मोकळा हाय का?”

“कुकर उतरू द्या, मग घ्या,” बायको म्हणाली. तिला वाटलं चहा करायचाय.

मग त्यांनी बारीक आचेवर हलगी धरली. हातभर वर, सारखी फिरवत. मध्येच आचेवरून काढायची, कानाशी न्यायची, बोटानं टिचकी मारायची, मान हलवायची, पुन्हा आचेवर. प्रत्येक टिचकीला आवाज वर वर चढत होता. कातड्याचा वास घरभर पसरला तशी देवघरातून आई आली. “अहो, चातुर्मास लागलाय, ओट्यावर कातडं कसलं?” हलगीवाले शांतपणे म्हणाले, “देवाच्याच गाण्याला हाय, आई.” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिनं फक्त दुधाचं पातेलं झाकून पलीकडे सरकवलं.

कातडं तापलं की दोन-तीन मिनिटांत पुन्हा उतरतं. त्यामुळे तापली रे तापली की त्यांनी ओट्यापासून कपाटापर्यंत पळत यायचं, मी रेकॉर्डिंग चालू करून बसलेला, मध्ये जो येईल त्यानं भिंतीला चिकटायचं. त्यात आमची इमारत नदीकाठची, आणि नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू. त्यांचा ठोका माझ्या लयीत कधीच नसतो. त्यांनी पाणी प्यायला थांबायचं आणि त्याच वेळी इकडे हलगी तापलेली असायची, असा तो योग. पण जो तुकडा मिळाला तो असा की, गाणं पुन्हा पुन्हा ऐकताना मी माझ्या ओळी पुढे ढकलून तिथं जायला लागलो.

भाचीनं या धावपळीचा व्हिडिओ काढून टाकला. तो माझ्या आजवरच्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त पाहिला गेला. खाली प्रश्नच प्रश्न: हे हलगीवाले कोण? सुपारी घेतात का? हलगी कितीला मिळेल? आजींची दृष्ट काढा. गाण्याची चाल कुणाची, हे एकानंही विचारलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी उत्साहानं उत्तरं देत सुटलो. ते कोण, कुणाकडे शिकले, त्यांच्या गावातलं पथक कसं वाजवतं, डाव्या हातातल्या बारीक काडीनं ते काय करतात. लिहिता लिहिता लक्षात आलं की, मला कसलाही संकोच वाटत नाहीये. मी दासबोध काढून तो समास पुन्हा वाचला. सोबत्यांचं कौतुक करणारा मूर्ख, असं मला त्यात कुठं सापडलं नाही. समर्थांनी एवढी एक फट ठेवली आहे, मग तिच्यातून आत का शिरू नये?

तेव्हापासून मी माझ्या गाण्याची जाहिरात करत नाही, गाण्यातल्या माणसांची करतो. गाणं आपोआप मागून येतं, आणि नाही आलं तरी निदान खरं काहीतरी लिहिल्याचं समाधान.

खरं तर हे फार आधी व्हायला हवं होतं. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन नावं तोंडपाठ. 1979 च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटातलं ते आठ गणपतींचं गाणं घ्या. शब्द जगदीश खेबूडकरांचे, संगीत अनिल-अरुण यांचं, हे कुणीही सांगेल. ढोलकी कुणाची? टाळ कुणाचे? कोरसात कोण उभं होतं? ठेका सुरू झाला की आख्खं घर हात वर करतं, आणि ज्यानं हात वर करायला लावले त्याचं नाव निवेदकानं कधी उच्चारलं नाही. कॅसेटच्या कव्हरवर तर गणपतीच्या सोंडेला जागा दिल्यावर गायकाचंच नाव जेमतेम मावायचं. आता जागेची अडचण राहिलेली नाही, वाटेल तेवढी नावं लिहिता येतात, तरी आम्ही लिहितो ‘संगीत व गायन’ आणि खाली स्वतःचं नाव दोनदा.

सोबत्यांनाही माझी जाहिरात करायला सांगावं, तर त्या दहा दिवसांत एकही वादक जागेवर नसतो. प्रत्येकाच्या सुपाऱ्या लागलेल्या. इन्स्टाग्रामवर त्यांना पोस्टचं भागीदार व्हा म्हणून विनंती धाडावी, तर ते ती स्वीकारतात घटस्थापनेला. मग आम्ही एक भिशी लावली. गणपतीत सगळ्यांनी माझं गाणं पुढे करायचं. नवरात्रात हलगीवाल्यांच्या पथकाचा गोंधळ. दिवाळीत आमच्या बासरीवाल्या ताईंच्या पहाटेच्या रागांची मालिका, जिच्यात पेटी माझी आहे, म्हणजे फार हळू आहे, नीट कान द्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या कवयित्रीच्या ओव्या. मिक्सिंग करणारा मुलगा रात्री स्वतःसाठी जे संगीत करतो त्याला सणच नाही, त्याला आम्ही अधिक महिना दिलाय. अडचण एवढीच की, आम्हा सगळ्यांचे चाहते तेच ते. भिशीतले पैसे भिशीतच फिरतात. बाहेरचा एखादा अनोळखी रसिक चुकून आला तर त्याला ओवाळायचंच काय ते आम्ही बाकी ठेवतो.

तुम्ही असे बाहेरचे असाल तर यंदा एवढं करा. गणपतीचं कुठलंही नवं गाणं आवडलं, माझं नसलं तरी चालेल, तर त्याच्या खाली ‘अधिक पाहा’ लिहिलेलं असतं ते दाबा आणि नावं वाचा. त्यातलं वाजवणाऱ्या एकाचं नाव उचला आणि त्याचं स्वतःचं काही असेल ते शोधून ऐका. आवडलं तर त्याला दोन ओळी लिहा. सुपारी संपवून पहाटे घरी आल्यावर तो त्या वाचतो. आणि पुढे पाठवायचंच असेल तर तीस सेकंद थांबून पाठवा.