दादा अजून युवकच आहेत

कपाशीची पहिली वेचणी घरात येते, गल्लीतल्या मुली कोजागिरीला गुलाबाईला निरोप देतात आणि त्याच सुमारास कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'युवारंग'चं, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचं, पत्रक लागतं. पत्रक वाचायला पोरांची झुंबड उडते. त्या झुंबडीच्या मागे, थोडं अंतर राखून, एक गृहस्थ उभे असतात. अंगात खादीचा कुडता, खांद्याला शबनम, केस मानेवर रुळणारे पण कपाळावरून बरेच मागे हटलेले. ते पत्रक वाचत नाहीत, वाचणाऱ्यांचे चेहरे वाचतात. यातला मूकाभिनयाला कोण, एकांकिकेतला म्हातारा कोण, पळून जाणारा कोण, हे त्यांनी तिथेच ठरवलेलं असतं. हे दादा.

खरं नाव हजेरीपटावर आहे; कोणत्या सालच्या, ते शोधावं लागेल. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुनं कॉलेज म्हटलं की एखादं वडाचं झाड आणि एखादा दादा असतोच. झाडाला पार बांधलेला असतो, दादा त्या पारावर बसलेले असतात. 1990 साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ निघालं, तोवर खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे 2018 साली विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याची ही लेक शाळेची पायरी कधी चढली नाही आणि तिच्या नावाच्या विद्यापीठात दादा पायरी उतरायला तयार नाहीत.

दादांचं शिक्षण महोत्सवाच्या सोयीने झालं. बी.ए.ला पाच वर्षं, मग एम.ए. मराठी, मग एम.ए. इतिहास, मग पत्रकारितेची पदविका. महोत्सव आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर परीक्षा मार्चमध्ये पुन्हा येते, महोत्सव येत नाही, हा त्यांचा साधा हिशेब. या हिशेबाला सुरुंग लागला तो जन्मतारखेमुळे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, पोरगा कधीचा? आजोबा म्हणाले, "कपाशीनी निंदणी चालू व्हती." गुरुजींनी 1 जून ठोकून दिली. गुरुजींच्या कृपेने निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनलाच असतो आणि एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण आंतरविद्यापीठ महोत्सवाचा नियम असा, की 1 जुलै रोजी वय पंचविशीच्या आत हवं. निंदणी म्हणजे श्रावण. खरी तारीख लागली असती तर दादांना आणखी एक महोत्सव मिळाला असता. ते एक वर्ष, एक एकांकिका आणि बहुधा एक सुवर्णपदक गुरुजींनी खाल्लं, असं दादा आजही सांगतात. मुळात 1 जुलै ही तारीखच वाईट, असंही त्यांचं मत आहे. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला तोही 1 जुलैलाच, 1998 साली. त्यानंतर लोकनृत्याची बक्षिसं कुठे गेली ते बघा, म्हणतात. सातपुड्यातली पोरं पावरी वाजवत मंचावर आली की दादा विंगेत डोक्याला हात लावून बसतात. पाय मात्र ताल धरतात.

पंचविशी उलटल्यावर माणसाने काय करावं? दादा दिग्दर्शक झाले.

दादांच्या मूकाभिनयात शेवटी शेतकरी मरतो. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा असो की मोबाइलच्या व्यसनाचा, पाच मिनिटं संपता संपता एक पोरगा हात आडवे करून झाड होतो आणि दुसरा त्याच्याकडे चालू लागतो. एका वर्षी स्वच्छतेच्या विषयातही तो वाचला नाही. ज्याच्या घरी खरोखरच आठ बिघे कपाशी होती अशा एका पोराने भीतभीत विचारलं, "दादा, या टाईमले जगाडी देखूत का?" दादा बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "तो जगना तं टाळी कोठे घेवानी भो?"

पण रंगभूषेला बसलेले दादा बघावेत. वाटीत झिंक ऑक्साइडची पूड, त्यात खोबरेल थेंबाथेंबाने. करंगळीने घोटत राहतात, मधूनच आपल्याच मनगटावर ओढून बघतात. पातळ झालं तर दिव्याखाली घामाने ओघळतं, घट्ट झालं तर गाल हलला की भेगा पडतात. जमलं की समोरच्या पोराची हनुवटी वर करून कपाळापासून खाली हात फिरवतात. भुवया नाहीशा होतात, मग काजळाने बोटभर वर नव्या उगवतात. पोरगा असतो वाणिज्य शाखेचा, एकोणीस वर्षांचा, स्नेहसंमेलनातसुद्धा मागच्या रांगेत उभा राहून शिट्ट्या मारणारा. आरशात बघतो आणि त्याची वाचाच बसते. दादा वाटी पुसत म्हणतात, "गप्प झाला ना? तेच करायचंय आता पाच मिनिटं."

महोत्सव दरवर्षी वेगळ्या कॉलेजात. यजमानपद धुळ्याकडे असलं की जळगावहून आदल्या रात्री टेम्पो निघतो. खाली लेव्हल आणि विंगा, त्यावर ढोल, पेटी, कपड्यांची ट्रंक आणि सगळ्यात वर दादा. बांभोरीचा पूल ओलांडला की जुन्या महोत्सवांची कथा सुरू होते. पाळधीला ते उत्तेजनार्थ असतात, एरंडोलला तिसरे येतात, पारोळ्याला चहा पिताना पहिले. धुळे जवळ आलं की आवाज खाली येतो, कारण आता परीक्षकांचा विषय निघतो. इंग्रजांनी 1906 साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, एकाचं ठाणं जळगावला आणि दुसऱ्याचं धुळ्याला. तो निकाल परीक्षकांच्या मार्कांत अजून चालू आहे, अशी दादांची खात्री आहे. गंमत म्हणजे तिकडे धुळ्याच्या दादांची हीच खात्री उलट बाजूने आहे. हे दोघे फाटकातच कडकडून भेटतात, रात्री एकाच वर्गात एकाच सतरंजीवर झोपतात आणि सकाळी एकमेकांचं झिंक ऑक्साइड उसनं नेतात.

जेवणाचा प्रश्न जरा नाजूक. कूपन स्पर्धकाला आणि संघव्यवस्थापकाला. दादा दोन्हींत बसत नाहीत. पण वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचा वास मांडवात सुटला की नियमावलीतून वाट निघतेच. या वर्षी त्यांच्या ओळखपत्रावर 'रंगभूषा' होतं. गेल्या वर्षी 'वाहनचालक' होतं. दादांना सायकलखेरीज काहीही चालवता येत नाही. त्याआधी ते खंजिरीचे साथीदार होते आणि भारतीय समूहगान सुरू असताना त्यांनी ती खंजिरी चुकूनही वाजवली नाही, हे त्यांचे त्या संघावर उपकारच म्हणायचे.

क्रीडा विभागाशी दादांचं फारसं पटत नाही. तिकडचा दादा वेगळा, गळ्यात शिट्टी आणि गुडघ्याला पट्टा. कबड्डीच्या मैदानावर हार-जीत डोळ्यांना दिसते, म्हणून ती माणसं रात्री नीट झोपतात. कलेत तसं नसतं. निकालाच्या आधी दादा पाचही मंचांवर फिरून अंदाज काढतात: विडंबननाट्य आपलं, रांगोळी विभागून, वादविवाद गेला. निकाल लागल्यावर लेखी हरकतीचा मसुदा करतात आणि बक्षीस समारंभात तो शबनमच्या तळाशी ढकलून शिट्ट्याही मारतात. इंद्रधनुष्यला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या महोत्सवाला, आपल्या हातचं पोरगं निवडलं गेलं तर दादा आठवडाभर त्याच्या बॅगेपाशी घुटमळतात. 2003 पासून तो महोत्सव सुरू आहे. दादा त्यात एकदाच गेले. पडदा ओढला. तो कसा ओढला, हे तालमीला आलेल्या प्रत्येक पिढीने ऐकलेलं आहे.

लग्न झालेलं नाही. ज्या एका मुलीकडे बघून ते हळवे झाले होते, तिनेही त्यांना दादाच म्हटलं. हल्ली ते त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. मानधन तासावर मिळतं आणि रात्री अकरापर्यंत चाललेल्या तालमीचे तास कोणत्या रकान्यात लिहायचे, याची सोय शासनाने केलेली नाही. प्राचार्यांनी विचारलंच, तर सांस्कृतिक विभागाचं काम 'मुलंच बघतात' असं दादा स्वतःच सांगतात.

आणि मुलं बघतात काय? लेव्हल कुठल्या मंडपवाल्याकडे उधार मिळतात, नऊवारी नेसवायला कोणत्या मावशी येतात, पोरीला रात्री पोचवून आल्यावर तिच्या वडिलांशी काय बोलायचं, ऐनवेळी ताप भरलेल्या म्हाताऱ्याच्या जागी कुणाला उभं करायचं, यातलं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. ते शबनममध्ये असतं. फिरता चषक मिळतो तेव्हा फोटोत संस्थेचे अध्यक्ष असतात, प्राचार्य असतात, पुढे बसलेली पोरं असतात. फोटो दादा काढतात.

तेव्हा विद्यापीठाला एकच विनंती. पंचविशीचा नियम खुशाल ठेवा, तो बरोबरच आहे. फक्त पहाटे चारला टेम्पोतून लेव्हल उतरवणाऱ्या माणसाकडे जन्मदाखला मागू नका, आणि त्याला दोन बट्ट्या जास्त वाढा.