आज एकटेच?

इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्ववेत्ता कोनिग्सबर्गला रोज दुपारी ठरल्या वेळी एकटाच फिरायला निघे आणि त्याला पाहून लोक घड्याळं लावत, अशी आख्यायिका आहे. १७२४ साली ज्या गावात जन्मला, त्याच गावात १८०४ साली वारला. मधली ऐंशी वर्षं त्याला कोणी फिरताना अडवलं नसावं, म्हणून तर एवढं तत्त्वज्ञान झालं. सदाशिव पेठेत राहता तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला चौकात थांबवून "आज दोन मिनिटं उशीर" असं सुनावलं असतं.

आपल्याकडे एकट्याने चालायला बंदी नाही, फक्त कारण दाखवावं लागतं. दळण, औषध, वीजबिल, काहीही चालतं. पण विनाकारण एकटा चालणारा माणूस एक तर घरून भांडून निघालेला असतो, नाहीतर त्याच्या साखरेचा रिपोर्ट आलेला असतो, याबद्दल समाजाची खात्री आहे.

पुण्यात मन शांत करायला वेताळ टेकडीवर जावं म्हणतात. शहरातली ही सर्वांत उंच जागा. वर वेताळबाबाचं देऊळ, जुन्या खाणीत साठलेलं पाणी, नशीब असेल तर झाडीत मोर. मोर माणूस दिसताच पळतो. टेकडीवरची नेहमीची मंडळी पळत नाहीत. चढाच्या सुरुवातीला पहिला प्रश्न येतो, "आज एकटेच?" अर्ध्या वाटेवर दुसरे गृहस्थ, "वहिनींना बरं नाही म्हणे?" देवळाशी पोचेपर्यंत हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं आणि डॉक्टर कोणता चांगला यावर दोन तट पडलेले असतात.

मुंबईत मात्र कारण कोणी मागत नाही. मरीन ड्राइव्हची ती साडेतीन किलोमीटरची कमान. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं, तरी खाली चालणाऱ्याला मान वर करायची फुरसत नसते. कठड्यावर बसलो होतो, तर एक मनुष्य शेजारी टेकला आणि फोनवर बोलू लागला. थकलेले हप्ते, मेव्हण्याने बुडवलेले पैसे, बायकोला हे कळलं तर काय होईल, सगळं खणखणीत आवाजात. फोन संपल्यावर त्याने माझ्याकडे दिव्याच्या खांबाकडे बघावं तसं बघितलं, पँट झटकली आणि निघून गेला. इतकी शांतता मला कुठल्याच टेकडीवर लाभलेली नाही. तेव्हा आवाजाचा आणि शांततेचा संबंध नाही. संबंध आहे तो चौकशीशी.

पणजीला फोंतेन्यशच्या गल्ल्यांत जावं तर दुपारीच. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची कौलारू घरं, त्यांतल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या, दुकानांना टाळं, गाव जेवून आडवं झालेलं. एकटेपणाची एवढी चंगळ दुसरीकडे नाही. पण पावलं वाजलीच. वरच्या सज्जात एक आजी उगवल्या आणि म्हणाल्या, "कोण जाय?" मला कोणीच नको होतं, पण ते कोकणीत कसं सांगायचं? मी गांगरून हातातली कापडी पिशवी वर केली. आत सकाळी पोदेराकडून घेतलेले चार उंडे होते. आजींनी पिशवीचा फुगवटा पाहिला, पाव ओळखला, मान डोलावली आणि झोपायला आत गेल्या. पाव घेऊन जाणारा माणूस कुणाच्या तरी घरी चाललेला असतो. त्याला काय विचारायचं?

हा शोध मी काशीला वापरून पाहिला. अस्सीपासून राजघाटापर्यंत घाटांवरून पायी जाणं म्हणजे चौकशांची परिक्रमाच. "बोट, सर?" पासून सुरुवात. एकाने हात मिळवायला पुढे केला, मी सभ्यपणे दिला, तर त्याने तो सोडलाच नाही. बोटं मोडली, मनगट चोळलं आणि खांद्यापर्यंत मालीश करून पैसे मागितले.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघालो. वाटेत मुळे घेतले आणि त्यांचा पाला बाहेर लोंबत ठेवला. चमत्कार झाला. नावाडी माझ्या पलीकडे बघून हाका मारू लागले. मालीशवाल्याने तर हात मागे घेतला. अहिल्याबाईंचा घाट गेला, मणिकर्णिका गेली, शिंद्यांचा गेला, भोसल्यांचाही गेला. कोणी हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात समोरून एक कुटुंब आलं. काकांच्या डोक्यावर पांढरी टोपी, काकूंच्या हातात गंगाजळाचा कॅन. "भैया, वो भोसले घाट किधरसे जानेका?"

नागपूरकर भोसल्यांचा घाट नुकताच माझ्या मागे पडला होता. पण मराठीत तोंड उघडलं असतं तर आधी गाव निघालं असतं, मग आडनाव, मग एकटेच कसे, आणि दुपारपर्यंत त्यांच्याच धर्मशाळेत माझं पान मांडलं असतं. मी मुळ्यांनीच दिशा दाखवली. "बस, सीधे चले जाइए."

मंडळी पुढे गेली. मागून काकूंचा आवाज आला, "काय ताजे मुळे होते हो! केवढ्याला घेतले, विचारा की त्याला."

मी चालीचा वेग वाढवला.