सकाळ पुण्यानं नेली

पाथर्डीत साप्ताहिक काढायला पैसा नंतर लागतो, आधी नाव लागतं. नाव दिल्लीहून मंजूर व्हावं लागतं आणि त्याच्यासारखं दुसरं आधीच नोंदलेलं असेल तर अर्ज परत. आमच्या एका मित्राने हे मनावर घेतलं, तेव्हा आम्ही चौघं जुन्या स्टँडजवळच्या टपरीवर नाव शोधत बसलो. तीन चहा झाले. चांगली नावं थोरांनी केव्हाच उचललेली. आरसा जांभेकरांनी १८३२ मध्येच धरला. सिंह १८८१ साली पुण्याला गेला. सिंह नेणाऱ्या मंडळींनीच ‘मराठा’ही नेला, आणि तोही इंग्रजीत चालवला! लोकांचं मत १९१८ मध्ये यवतमाळला नोंदलं गेलं. राहता राहिली सकाळ, तर तीही १९३२ पासून पुण्याचीच.

शेवटी एका भारदस्त शब्दामागे ‘पाथर्डी’ लावल्यावर मंजुरी आली. पहिल्या अंकावर भारदस्त शब्द हत्तीएवढा, ‘पाथर्डी’ मुंगीएवढं. कायदा पाळायला भिंग लागे.

वर्षभराने अंक बंद पडला आणि दिवाळीच्या जाहिराती दिसताच नव्या नावाने उगवला. आजवर तीन बारशी झाली. बातम्या त्याच: मोहटादेवीची यात्रा, मढीचा गाढवांचा बाजार, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या. वर्गणीदार तेच, थकबाकीही तीच. तिसरं नाव कुठे रुळतंय, तोच २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. नावाखालची ‘अहमदनगर जिल्ह्याचे बुलंद व्यासपीठ’ ही ओळ गेली आणि पावतीपुस्तकं मित्राने बॉलपेनने दुरुस्त केली. गावातून जाणारा महामार्गसुद्धा २२२ चा ६१ झालाय म्हणा.

मी त्याला मुकुंदराव पाटलांचा दाखला दिला. १९१० मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ सुरू केलं, पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलं आणि १९६७ पर्यंत नाव तेच ठेवलं. मित्राने बशीतला चहा ओढला.

“भाऊ, त्यांच्याकडं लिहायला होतं. नाव बदलायला सवड कुठली?”

दिवाळी जवळ आलीय. चौथ्या बारशाला नाव हवंय. सुचलं तर कळवा. कळवताना पाच-सहा तरी कळवा, पहिली चार गेलेलीच असणार.