खळग्यात बसून खळग्याचा शोध

टी.वाय.बी.ए.च्या जर्नलमधला धबधबा फार देखणा असतो. वर कठीण खडक, खाली मऊ खडक, तळाशी निळ्या पेन्सिलीचा डोह आणि शेजारी विनाकारण एक नारळाचं झाड. त्यामुळे भूगोलाचे सर मुलांना नसरापूरला, बनेश्वराजवळ शिवगंगेच्या पात्रात उतरवतात, तेव्हा मुलं जरा खट्टूच होतात. नारळ नाही आणि पाणीही काळ्या बसाल्टवरून टप्प्याटप्प्यानं येतं.

"रांजणखळगा कुणाला दिसतोय?" सर विचारतात.

सगळे लांब बघतात. एक जण तर डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ न्याहाळतो. त्याचे पाय रांजणखळग्यातच, घोट्यापर्यंत. सर त्याला हात आत घालायला लावतात. तळाशी गुळगुळीत गोटे लागतात. पुराच्या भोवऱ्यात हे गोटे गरागरा फिरतात आणि खडक कोरत जातात. मुलगा एक गोटा खिशात टाकतो.

"ठेव रे तो परत, त्याचं काम अजून अर्धवट आहे!"

हा खडक मुळात लाव्हाच; सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्याचे थर एकावर एक साचले. काही घट्ट, काही पोकळ्यांनी भरलेले. पाणी अर्थातच आधी दुबळ्याला गाठतं. वेल्ह्याकडं राजगडाच्या सुवेळा माचीला आरपार भोक पडलंय, ते नेढंही अशाच झिजेचा प्रताप.

मग मोजमाप. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इथलं देऊळ बांधलं, त्याचा खर्च ११,४२६ रुपये ८ आणे ६ पैसे असा सांगतात. कारकुनानं पैसासुद्धा सोडला नाही. इथं टेपचं दुसरं टोक धरणाराच सेल्फीला गेलेला. चार गटांनी पात्राचा उतार मोजला, उत्तरं चार आली. त्यातल्या एका गटाच्या हिशेबानं शिवगंगा चक्क चढावर वाहत होती.

पुराची पातळी कशी काढायची, यावर मात्र सगळेच गप्प. शेवटी धुणं धुणाऱ्या एका मावशींनीच हात वर केला. झाडाच्या फांदीत पेंढा, काटक्या, प्लास्टिकची पिशवी अडकली होती. "तितवर आलं होतं पाणी," एवढं बोलून त्यांनी चादर आपटली.

सर खूश. संशोधकही असाच अडकलेला गाळसाळ शोधतात. मुलांनी फांदीची उंची मोजली, वहीत लिहिली. 'वापरलेली साधने' या रकान्यात टेप, क्लिनोमीटर आणि मावशी.